राखाडी पट्टा

बाबांचा गुरुवार पडद्यावर उलगडला तो जवळजवळ सगळाच राखाडी निघाला, आणि तोंडाशी नेलेला चहाचा कप मी तसाच खाली ठेवला. आमच्या कामात राखाडी म्हणजे आराम. धावलेलं तांबडं दिसतं, चाललेलं हिरवं, आणि माणूस बसला, आडवा झाला, कुणाशी गप्पा छाटत भिंतीला टेकला की राखाडी. दिवसाचा एक लांब पट्टा तयार होतो, आणि आमच्या क्रीडा केंद्रातला कुठलाही प्रशिक्षक त्या पट्ट्याकडे लांबून बघून पोरगं किती पाण्यात आहे ते सांगतो. मी खेळाडूंच्या अंगावर सेन्सर बांधते. खोडरबराएवढी डबी असते, एक कमरेला मागून, एकेक दोन्ही नडग्यांवर, वरून घट्ट पट्टा. दिवसभर पोरंपोरी धावतात, उड्या मारतात, लंगडतात, लंगडत नाही म्हणून खोटं बोलतात, आणि ते सगळं माझ्यासमोर रेघा होऊन येतं. माझा नवरा म्हणतो, तू गुराखीण आहेस, गळ्यात घंटा बांधायची आणि कोण कुठे चरतंय ते बसल्या जागी ऐकायचं. म्हणू दे. पण काल मी ती घंटा घरच्या माणसाला, माझ्या सासऱ्यांना, बांधली होती, आणि आता हा पट्टा बघून मला पहिल्यांदा जो आला तो रागच आला. आम्ही दोघं बाहेर मर मर मरतो आणि हे घरी खुशाल आराम करतात.

बाबांना कंपवात आहे. नाव कंपवात, पण त्यांचा हात थरथरत नाही, मान हलत नाही, चहा बशीत सांडत नाही. त्यांचं एकच होतं, ते अडकतात. चांगले चालत येतात, स्वयंपाकघराचं दार आलं की उभे. एक पाय पुढे, एक मागे, पायजमा ढगळ, चेहरा कोरा, आणि मागे आम्ही हातात ताट नाहीतर बादली घेऊन. बाबा, चला ना. हो हो, म्हणतात, आणि उभेच. मग कधीतरी गाठ सुटते आणि निघतात. बरं, पाय अधू म्हणावेत तर जिना धडाधडा चढतात. दोन मजले, कठड्याला नुसता हात लावून, माझ्या आधी वर पोचतात. आणि डॉक्टरांच्या खोलीत तर विचारूच नका, तिथे नवरदेवासारखे चालले, वळून परत आले, वर डॉक्टरांना विचारलं, अजून दाखवू का? जिन्यावर अडकत नाही, डॉक्टरांपुढे अडकत नाही, अडकतात ते बरोबर आमच्या स्वयंपाकघराच्या दारात आणि मला कामाला उशीर होत असला की. माणसाच्या मनात काय येणार? सोंग हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा कोण बोललं ते आता आठवत नाही. पण एकदा तो उच्चारला गेल्यावर तो घरातलाच झाला, कुणाच्याही तोंडी यायला लागला. डॉक्टरांनी मात्र मान हलवली होती. म्हणाले, माझ्यासमोर नाही अडकायचे ते, सगळे असेच करतात, घरी दिवसभर काय होतं ते कळायला हवं, कधी अडकतात, गोळी घेतल्यावर किती वेळाने, ते लिहून आणा. लिहिणार कोण? घरात दिवसा असतात ते एकटे बाबा. म्हणून मी आमच्या सरांना विचारून तीन जुने सेन्सर घरी आणले.

बांधताना बाबा खुर्चीत बसून माझ्याकडे वरून बघत होते. आयुष्यभर त्यांनी वीज कंपनीत मीटर वाचले. या गावातलं एक घर, एक तळघर, एक जिन्याखालची अडगळ त्यांच्या पायाखालून गेली नसेल असं नाही. पायाला भिंगरी असलेला माणूस. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मी त्यांना पाहण्याआधी ऐकलं होतं, जिन्यावरून दोन दोन पायऱ्या घेत येणारे बूट, आणि सासूबाई आतून म्हणाल्या होत्या, आलं वादळ. सासूबाई आता नाहीत. वादळ खुर्चीत बसलं होतं आणि मी त्याच्या नडगीवर पट्टा आवळत होते.

"मला मीटर लावतेस होय?" बाबा म्हणाले. "लाव. जन्मभर लोकांचे वाचले, आता माझा कुणीतरी वाचा. युनिट किती पडले तेवढं सांग."

"सांगेन की."

"आणि फार पडले तर त्याला नको सांगूस. ओरडेल." तो म्हणजे माझा नवरा, त्यांचा मुलगा. आम्ही दोघं हसलो.

आणि युनिट काहीच पडले नव्हते. सकाळी एक हिरवी काडी, दुपारी दोन, जेवणाच्या सुमाराला थोडा जास्त हिरवा, बाकी सगळं राखाडी. रागाच्या भरात माणूस जे करू नये तेच आधी करतो. मी नवऱ्याला फोन लावला. म्हटलं, आलं रे बाबांचं. काय आलं? म्हटलं, अडकत बिडकत काही नाहीत, दिवसभर आराम करतात. पलीकडे त्याच्या ऑफिसात कुणाचा तरी फोन वाजत होता. मग तो हळूच म्हणाला, "बरं झालं कळलं ते. मी ताईला सांगतो." आणि ताईला सांगतो म्हणजे काय ते मला पुरतं ठाऊक होतं. ताई त्याची मोठी बहीण, दुसऱ्या गावात राहते, आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकते. तिने तिच्या घराजवळ वृद्धांसाठीचं एक ठिकाण बघून ठेवलं होतं, स्वच्छ, बागबीग असलेलं, तिथे एक खोली रिकामी झाली होती आणि ती फार दिवस अडवून ठेवता येणार नव्हती. नवरा महिनाभर टाळत होता. टाळायचं कारण एकच, बाबा अडकतात ते आजाराने की हट्टाने याची त्याला खात्री नव्हती, आणि आजारी बापाला घराबाहेर काढायला त्याचं मन धजत नव्हतं. हट्टी बापाची गोष्ट वेगळी. ती खात्री आज मी त्याला फोनवरून दिली होती. घटकाभरात त्याचा निरोप आला, रविवारी सकाळी ताई गाडी घेऊन येतेय.

माझ्या नवऱ्याला कुणी नावं ठेवू नयेत. तो वाईट माणूस नाही, तो थकलेला माणूस आहे. बाबांची अंघोळ तो घालतो, नखं तो काढतो, त्यांचे कपडे तो धुतो, मला हात लावू देत नाही. मागच्या महिन्यात बाबा असेच न्हाणीच्या दारात अडकले होते आणि त्याने वैतागून त्यांचा दंड धरून ओढलं. वरचं अंग आलं, पाय आले नाहीत. बाबा तोंडावर आपटले. ओठ फाटला, दात हलला. तेव्हापासून तो बाबांच्या अंगाला हात लावतो तो सुद्धा कसा, कढईतलं जळतं काही उचलावं तसा. एकदा मला म्हणाला होता, मला परत ओढायचं नाहीये त्यांना, आणि ओढल्याशिवाय राहवणार नाही मला, तू बघच.

फोन ठेवला आणि मी पट्टा बंद करणार, तेवढ्यात डोळा सकाळच्या भागावर अडकला. मी घरातून निघते ती वेळ. तिथे चांगला हातभर राखाडी. आणि ती सकाळ मला आठवत होती, कालचीच तर. मी खांद्याला पिशवी लावून पॅसेजमध्ये उभी, पुढे दारात बाबा, मला जाऊ देण्यासाठी बाजूला व्हायचंय त्यांना, आणि होता येत नाहीये. त्यांच्या मानेवर घाम आला होता. मी म्हणत होते, चला ना बाबा, उशीर होतोय. ते म्हणत होते, हो, हो, झालंच. हे माणसाचं आराम करणं नव्हे. एवढं मला नक्की कळत होतं, मी तिथे होते. मग पट्ट्याने राखाडी का दाखवलं? आणि ज्या क्षणी हा प्रश्न पडला त्या क्षणी लक्षात आलं, उत्तर मला माहीत होतं. ते आमच्याच केंद्रातल्या कुठल्याही नवख्या मुलीला माहीत असतं. आमचा प्रोग्रॅम धावणाऱ्यांसाठी लिहिलेला आहे. तो आधी कमरेची डबी बघतो. कंबर पुढे सरकली तर माणूस चालला. कंबर जागची हलली नाही तर आराम, मग खाली काय चाललंय ते बघायच्या भानगडीत तो पडत नाही, बारीकसारीक थरथर धूळ झटकावी तशी झटकून टाकतो. धावपटूच्या बाबतीत ते बरोबरच आहे. मी म्हाताऱ्या माणसाला धावपटूच्या मापाने मोजलं होतं.

पट्ट्याखालची मूळ रेघ बघायची झाली तर दोन कळा जास्त दाबाव्या लागतात, म्हणून सहसा कुणी दाबत नाही. मी दाबल्या. कमरेची रेघ आली, सरळ, झोपलेली. मग नडग्यांच्या रेघा आल्या, आणि मी खुर्चीतून उठून उभी राहिले. का उठले कुणास ठाऊक, कुणी मोठं माणूस खोलीत आल्यावर आपण उठतो तशी उठले. राखाडीच्या खाली, त्या हातभर आरामाच्या खाली, दोन्ही पाय पळत होते. दुसरा शब्द नाही. बारीक, दाट, भरभर, एका सेकंदात कितीतरी वेळा, उजवा, डावा, उजवा, डावा, शिवणयंत्राच्या टाक्यासारखी रेघ, एकही टाका न चुकता. माझ्याकडे उत्तम धावपटूंच्या रेघा आहेत, त्यांच्या पायांची लय भल्याभल्यांना तोंडात बोट घालायला लावते, पण इतकी न थकणारी चाल मी कुठल्याच पायात पाहिली नव्हती. प्रत्येक टाका म्हणजे एक पाऊल. टाकायला घेतलेलं आणि टाकता न आलेलं. सुटेपर्यंत थांबलेच नव्हते ते पाय, एकदासुद्धा नाही. मी पट्ट्यावर पुढे पुढे गेले. दुपारचं राखाडी, स्वयंपाकघराचं दार असणार, खाली तेच. संध्याकाळचं राखाडी, न्हाणी असणार, तेच. काही राखाडी खरोखरची होती, खुर्चीतली, झोपेतली, तिथे रेघ शांत पडून होती, त्यामुळे ही दुसरी आणखीच उठून दिसत होती. माझे सासरे काल दिवसभर चालत होते. आमच्या केंद्रातला कुणीही काल एवढा चालला नव्हता.

माणसाच्या अंगाची एक गोष्ट मला पहिल्यापासून नवलाची वाटत आलेली आहे. टाच जमिनीवर आपटते तो धक्का काही साधा नसतो. नडगीवर तो पुरता दिसतो, गुडघ्याच्या वर जरा कमी, कमरेला त्याहून कमी, आणि डोक्याला डबी लावली तर जवळजवळ काहीच नाही. मधल्या मधे अंग तो गिळून टाकतं. का, तर डोळ्यांना जग स्थिर दिसावं. कुणी सांगितलेलं नसतं, शिकवलेलं नसतं, आपल्याला पत्ताही नसतो, आणि जन्मभर आपल्याच अंगातली कुणीतरी माणसं खालचा गोंधळ वरपर्यंत पोचू देत नाहीत. मी हे नव्या मुलींना शिकवते तेव्हा माझ्याच अंगावर काटा येतो, त्या मात्र जांभया देतात. बाबांच्या रेघांकडे बघताना मला तेच दिसलं. गुडघ्याच्या खाली एवढं वादळ, आणि कमरेपर्यंत येईतो सपाट. चेहऱ्यावर तर त्याचा मागमूस नाही. आम्ही घरात सगळे चेहऱ्याकडे बघत होतो. चेहऱ्याकडे बघून म्हणत होतो, बघा, कसे मख्ख उभे राहिलेत.

घरी गेले तेव्हा ते खिडकीशी बसले होते. मी चपला काढल्या न काढल्या आणि त्यांच्यासमोर स्टुलावर बसले. म्हटलं, बाबा, अडकता तेव्हा आत काय होतं? इतक्या दिवसांत हे आपण त्यांना कधी विचारलंच नव्हतं हे विचारताना लक्षात आलं. चला ना, हे विचारणं नसतं. बाबांनी जरा वेळ घेतला. आजकाल त्यांचं बोलणंही दारात उभं राहतं.

"काय सांगू?" ते म्हणाले. "मी पायांना म्हणतो, चला. ते म्हणतात, चाललोच आहोत. मी खाली बघतो तर तिथेच. आता कुणाचं खरं धरायचं?" मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुम्ही म्हणता ते मला ऐकू येतं हं. सोंग म्हणता ते. मलाही वाटायला लागलंय. म्हटलं, असेल बुवा, आपल्यालाच नसेल जायचं आत. आतून चोर झालो असेन. म्हातारपणी माणसाचा काय भरवसा."

मी लॅपटॉप काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, हा तुमचा मीटर. ही कालची सकाळ, मी निघताना तुम्ही दारात होतात ती. चष्मा शोधण्यात वेळ गेला. चष्मा लावून ते पुढे वाकले आणि बराच वेळ वाचत राहिले. मी काही समजावून सांगितलं नाही. फक्त एवढंच म्हटलं की हे तुमचे पाय आणि ही कंबर.

"एवढं फिरतंय?" ते म्हणाले.

"एवढं."

"मीटर एवढा फिरतोय आणि घरात दिवा नाही." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, काचेवर डाग पडला. "म्हणजे वायरिंगमध्ये कुठेतरी गळतंय. गिऱ्हाईक चोर नाही." आणि चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, मग चष्मा पुसला, मग परत डोळे. म्हणाले, "गिऱ्हाईक चोर नाही, पोरी." मी त्यांचा हात धरून बसले. मला आनंद झाला होता आणि लाजही वाटत होती. त्याहून मोठं म्हणजे मी थक्क झाले होते, या माणसाच्या पायांपुढे. नुसत्या पायांपुढे. आपण ज्यांना रोज वाटेतून बाजूला व्हा म्हणतो, त्यांच्यात काय काय चाललेलं असतं.

नवऱ्याला दाखवलं तेव्हा तो कपडे वाळत घालत होता. ओल्या हाताने लॅपटॉपला शिवायला नको म्हणून लांबूनच बघितलं. "दुपारी म्हणालीस आराम करतात. आता म्हणतेस पळतात. उद्या काय म्हणशील, पोहतात?" मी प्रोग्रॅमचं सगळं सांगितलं, कंबर, नडगी, राखाडी, हिरवं. तो ऐकत होता, बाबांचा सदरा झटकत होता. म्हणाला, "रेघा आहेत गं त्या. रेघा मला कळत नाहीत. मला दारात उभा असलेला माणूस कळतो." मी म्हटलं, मग मी चुकीचं सांगितलं ते बरं लगेच कळलं तुला. यावर तो चिडला नाही, हे जास्त वाईट झालं. म्हणाला, "ताई निघायची तयारी करतेय. बाबांना मी सांगितलं, ते बरं म्हणाले. ते बरं म्हणाले, कळतंय तुला? मला नाही परत तो ओठ बघायचा." आणि चिमटे लावत राहिला. बाबांनी बरं म्हटलं हे खरं होतं. मी आत जाऊन विचारलं तर म्हणाले, तुमची ओढाताण होते, तिकडे पगारी माणसं आहेत, त्यांना घाई नसते. डॉक्टरांना मी फोन केला. ते म्हणाले, रेघा घेऊन सोमवारी या, गोळ्यांच्या वेळा बदलून बघू, बराच फरक पडतो कधी कधी. सोमवार रविवारनंतर येतो.

शनिवारी कामावर जाताना मी रस्त्यात चालणाऱ्यांकडे बघितलंच नाही, माझं लक्ष उभे असलेल्यांकडे. आयुष्यभर मी हलणाऱ्या माणसांच्या मागे. आज थांब्यावर उभी असलेली बाई, दुकानाच्या दारात हातावर हात ठेवून उभा असलेला दुकानदार, सिग्नलला खोळंबलेले सगळे, वाटलं यांच्या राखाडीखाली काय असेल कुणी सांगावं. माझी आई वडील गेल्यावर दोन वर्षं एकाच खुर्चीत बसून होती. लोक म्हणायचे, बरं आहे, आता जरा आराम करतात त्या. तीही हो म्हणायची. तिच्या मांडीवरचा हात मात्र कधी कधी पदराच्या काठावरून पुढे पुढे जायचा, काहीतरी चाचपत, परत मागे यायचा, परत पुढे. मी तिथे बसून पेपर वाचायचे. ती कुठे निघाली होती? आता कुठली डबी बांधू आणि कुणाला? सिग्नल हिरवा झाला आणि सगळी माणसं एकदम चालायला लागली, किती सोपं असल्यासारखी, एक पाय, मग दुसरा, कुणी फोनवर बोलत, कुणी पोराला ओढत, आणि मी त्या साध्या गोष्टीकडे जत्रेत हरवलेल्या पोरासारखी बघत राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, बाई, चला ना.

रविवारी ताई आली. गाडी खाली लावून वर आली, घाम पुसला, पाणी प्यायली, बाबांच्या बॅगेची चेन उघडून आत काय भरलंय ते तपासलं आणि दोन स्वेटर काढून एक परत ठेवला. तिचंही चुकत नव्हतं. बाबांसाठी तिने तिकडची उन्हाची खोली मागून घेतली होती. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. नवऱ्याने त्यांचे बूट बांधले. ताई बॅग घेऊन पुढे झाली, बाबा मागे, त्यांच्या मागे नवरा, शेवटी मी. बाहेरच्या दारात बाबा अडकले.

एक पाय पुढे, एक मागे. हात चौकटीला. ताई जिन्याच्या वरच्या पायरीवरून वळली. "चला ना बाबा," ती म्हणाली. बाबा हो हो म्हणाले. वेळ गेला. खाली कुणीतरी हॉर्न वाजवला, दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीचा. "हे बघ," ताई भावाला म्हणाली, आवाज खाली आणून, जणू बाबा मधे नव्हतेच. "त्यांना जायचंच नाहीये. तोंडाने बरं म्हणतात आणि दारात असं करतात. मग आधीच सांगायचं." माझ्या पुढे नवऱ्याची पाठ होती. त्या पाठीत काहीतरी ताणलं गेलेलं मला दिसलं. त्याचा उजवा हात उचलला गेला आणि बाबांच्या दंडाकडे निघाला.

मी म्हटलं, "दंड नको धरूस. खाली बस."

"काय?"

"खाली बस आणि त्यांच्या पोटरीला हात लाव. दोन्ही. धरू नकोस, नुसता लाव."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, संपलं. पण तो बसला. बहुधा तो हात कुठेतरी न्यायचाच होता त्याला. उकिडवा बसला, पायजमा जरा वर सारला आणि बाबांच्या दोन्ही पोटऱ्यांवर तळवे ठेवले. मी त्याचा चेहरा बघत होते. आधी काही नाही. मग त्याच्या भुवया वर गेल्या. त्याने मान कलती केली, भिंतीपलीकडचं ऐकताना करतो तशी. हात काढला नाही. त्याची मनगटं हलायला लागली होती, त्याने हलवून नव्हे, खालून हलवली जात होती, बारीक, भरभर. तो वर बघून बाबांचा चेहरा शोधायला लागला. तो चेहरा शांत होता, जिन्याकडे लागलेला.

"हे काय आहे?" तो मला म्हणाला.

"चालतायत."

"हे असं केव्हा होतं?"

"कुणी चला म्हटलं की."

त्याचं तोंड उघडं राहिलं. ओठ फाटला त्या दिवशीही न रडलेला माणूस, तो आता हात तसेच ठेवून रडायला लागला, आवाज न करता, आणि त्याचे खांदे आणि बाबांचे पाय यांतलं कोण कुणाला हलवतंय ते मला कळेना. ताई म्हणाली, अरे काय झालं, काय झालं त्याला? मी तिला काय सांगणार?

आणि बाबा सुटले. नेहमी सुटतात तसेच, काही कारण नसताना. मागचा पाय उचलला गेला, उंबऱ्यापलीकडे पडला, दुसरा त्याच्या मागोमाग. "आलोच," बाबा ताईला म्हणाले, कठड्याला हात लावला, आणि जिना तर त्यांना कधीच अडवत नाही, ते निघाले. धडाधडा. जिथे न्यायचं ठरलं होतं तिकडे, आज्ञाधारक मुलासारखे, बुटांचा आवाज करत. नवरा दारात तसाच बसलेला, तळवे हवेत, मधली पोटरी निघून गेलेली. मग तो उठला आणि अनवाणी धावला. "बाबा, थांबा," तो ओरडला. "बाबा, थांबा ना."

"थांबू कुठे?" खालून बाबांचा आवाज आला. "आत्ता तर सुटलोय."

मी खाली पोचले तेव्हा बाबा गाडीपाशी उभे होते आणि नवरा गाडीच्या दाराला पाठ लावून त्यांच्या समोर. दोघांनाही धाप लागली होती. "वर चला," नवरा म्हणाला.

"आता वर?"

"वर. घरी."

"तिकडची खोली?"

"ती देतील कुणालातरी. उद्या डॉक्टरांकडे जायचंय आपल्याला." त्याने नाक पुसलं. "मला नव्हतं माहीत, बाबा."

"मला तरी कुठे होतं?" बाबा म्हणाले. "तिने मीटर लावला म्हणून." त्यांनी मुलाकडे नीट बघितलं, त्याच्या अनवाणी पायांकडे बघितलं. "बाजूला हो मग. जिना माझा मी चढतो."

ते चढले. ताई बॅग घेऊन मागे, मला दबक्या आवाजात विचारत की नक्की काय ठरलं, आणि मी तिला सगळं एका दमात सांगत, रेघा, नडग्या, राखाडी. तिला किती कळलं कुणास ठाऊक. पण अर्ध्या जिन्यावर तिने बॅग या हातातून त्या हातात घेतली आणि गप्प झाली. वरच्या मजल्यावर दार उघडंच होतं. बाबा त्याच्यापर्यंत सरळ चालत गेले, आणि दारात अडकले.

एक पाय आत, एक बाहेर. हात चौकटीला. आम्ही तिघं त्यांच्या मागे, पायऱ्यांवर, एकाखाली एक. नवऱ्याने हात पुढे केला नाही. चला म्हणाला नाही. तो बाबांच्या बुटांकडे बघत उभा होता. शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावून गेलं. बराच वेळ झाला तशी ताईला राहवेना, ती पुढे व्हायला लागली. नवऱ्याने मागे न बघता तिच्या हातावर हात ठेवला.

"थांब ताई," तो म्हणाला. "बाबा चालतायत."